सहा डिसेंबरची खातेदार

रहिमतपूर
९ नोव्हेंबर २०२५

राजरत्न धोंडिराम भिंगारदेवे यास,

जय भीम. आपल्या घरात पत्राच्या डोक्यावर 'सप्रेम जय भीम' लिहितात, हे मला माहीत आहे. सप्रेम मुद्दाम गाळलंय.

मी तुझ्याशी बोलत नाही, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल. रविवारी तुमच्या लष्कराच्या ट्रेनिंग सेंटरवर तुम्हाला दहा मिनिटं फोन मिळतो. त्यातली नऊ मिनिटं आई 'जेवलास का'मध्ये घालवते आणि एक मिनिट आण्णा नुसतं 'हं हं' करतात. मग आई फोन माझ्यापुढं धरते आणि मी शिलाई मशीन जोरात चालवते. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून लिहितेय. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

बातमी अशी, की मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका संयोगिता मॅडमना सव्वीस जानेवारीच्या लेझीम पथकासाठी चोवीस शिवलेल्या नऊवाऱ्या पाहिजेत आणि ते काम त्यांनी मला दिलंय. साताऱ्याच्या दुकानाला नाही, मला, सतरा वर्षांच्या आम्रपालीला. माझी एक नमुन्याची साडी त्यांनी आतून-बाहेरून उलटून पाहिली, टाके मोजले की काय कुणास ठाऊक, आणि म्हणाल्या, "काम पक्कं आहे तुझं." मी घरी चालत नाही, उडत आले.

पण एक अट आहे. बिल ज्याच्या नावाचं, पैसे त्याच्याच खात्यावर. शाळेची कमिटी रोख देत नाही. पंधरा डिसेंबरपर्यंत खातं नंबर दिला नाही, तर काम साताऱ्याला जाणार. आईनं लगेच तोड काढली, "मग बिल राजूच्या नावानं कर की. खातं हाय त्याचं."

आहेच तुझं खातं. मशीनच्या फळीवर तुझ्या खात्याचा चौकोनी स्टिकर अजून तसाच आहे. दीड वर्ष बायकांनी फॉल-पिकोचे पैसे त्यावर स्कॅन केले आणि ते तू भरती अकॅडमीच्या फीला भरलेस. भरलेस त्याचा राग नाही. मागितले असतेस, तर माझ्या हातानं दिले असते. पण भरती झालास म्हणून तुझा सत्कार झाला, त्या दिवशी मी विचारलं तेव्हा काय म्हणालास? गळ्यात हार, समोर सगळे पाहुणे, आणि तू हसत म्हणालास, "तुजं पैसं कुठलं गं? खातं कुणाचं हाय?"

पाहुणे पण हसले. बरोबरच होतं तुझं, खातं माझं नव्हतं. आता मी माझं काढणार आहे.

आम्रपाली

ता. क. बायका अजून स्कॅन करतात आणि 'गेलं बघ' म्हणून फोन माझ्या नाकापुढं धरतात. तुझा फोन तिकडं पेटीत बंद, त्यामुळं गेलं की नाही ते कुणालाच कळत नाही. म्हणून मी तुझ्या स्टिकरवर ब्लाउजपीसचा तुकडा डकवलाय.


१९ नोव्हेंबर २०२५

राजरत्न, जय भीम.

बँकेत जाऊन आले. तुला हसायची संधी देते, हस.

आधी आण्णांना विचारलं होतं. ते बांधकामावरून आले होते, हाताला सिमेंट तसंच. म्हणाले, "घरात भावाचं खातं हाय की. पोरीच्या जातीला खातं काढून काय सासरी न्ह्यायचंय व्हय?" मी म्हटलं, शिलाई मशीन नेणारच आहे, खातंही नेईन. ते आंघोळीला निघून गेले.

मग मी आधारकार्ड आणि कॉलेजचा दाखला घेऊन एकटीच गेले. काउंटरवरचे साहेब म्हणाले, "दहा वर्षांवरच्या मुलांना आता स्वतःच्या सहीनं खातं काढता येतं, पण त्यावर किती पैसे ठेवायचे याला मर्यादा असते. तुमचं बिल त्यात बसायचं नाही. अठरा पूर्ण नसतील तर पालकांना घेऊन या." इथवर ठीक होतं. मग त्यांनी दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले आणि चष्मा वर केला.

"कॉलेजात तुमची जन्मतारीख चौदा एप्रिल दोन हजार आठ. आधारवर सहा डिसेंबर दोन हजार सात. तुम्ही दोनदा जन्मलात का?"

मागची रांग हसली. मी म्हटलं, "आवं साहेब, आधारवर कुणाची तारीख बरोबर असते? आमच्या आण्णांची एक जानेवारी हाय, आईची पण एक जानेवारी हाय." ते म्हणाले, ते खरं, पण पालक आणा नाहीतर आणू नका, आधी तुमचा जन्म कधीचा ते ठरवून या. नगरपालिकेतून जन्माचा दाखला काढा आणि चूक असेल ती दुरुस्त करा.

माझ्या मते आधारच चुकलंय. चौदा एप्रिल कशी चुकेल? तुझा आणि माझा वाढदिवस एकच, हे अख्ख्या वस्तीला माहीत आहे. बाहेर जयंतीची मिरवणूक, घरात एक केक, सुरी तुझ्या हातात कारण तू मोठा, आणि मी तुझ्या मनगटाला बोट लावून उभी. फोटोत माझं बोटच तेवढं दिसतं.

दाखल्याचं घरी सांगितलं तर आजी एकदम तडकली. "कशाला पायजे दाखला? शाळंत हाय तीच तारीख खरी." तिनं हातातलं तांदळाचं सूप दाणकन खाली ठेवलं. आजीला कागदाचा एवढा राग मी कधी पाहिला नव्हता.

आम्रपाली


२९ नोव्हेंबर २०२५

राजरत्न, जय भीम.

सोळा दिवस उरलेत आणि आजी रोज मला बँक सोडून दुसरी वाट दाखवते. कालपर्यंत जी म्हणायची 'बायामाणसाला पैसा कशाला', ती आता पैसा ठेवायच्या जागांची यादी सांगतेय. तिला मी नगरपालिकेत जायला नको आहे, एवढं कळतंय. का, ते कळत नाही.

पहिली वाट लीलाबाईंची भिशी. महिन्याला बारा बायका पैसे घालतात, चिठ्ठी निघेल तिला सगळे मिळतात. मी गेले तर लीलाबाई म्हणाल्या, "बाळा, लगीन न झालेल्या पोरीचं नाव आमी घेत न्हाई. मधीच उजवली, म्हंजे भिशी लंगडी. तुज्या आजीच्या नावानं घाल, जाईबाईचं नाव चालंल."

दुसरी वाट पिग्मी. पतसंस्थेचे लालासाहेब रोज संध्याकाळी पेठेतनं दहा-वीस रुपये गोळा करत फिरतात, त्यांना मी चौकात गाठलं. भला माणूस आहे. गाडी बंद करून सगळं नीट समजावलं. पुस्तक माझ्या हातात राहणार, पण सभासद म्हणून नाव आण्णांचं.

तिसरी वाट माझी मैत्रीण सृष्टी हिनं काढली, फोनमधलं मुलांसाठीचं कार्ड. छान गुलाबी रंगाचं असतं. सगळं भरलं, आणि शेवटी ते म्हणालं, पालकांचं खातं जोडा. पोस्टात पण गेले. तिथले मास्तर गोड बोलले आणि दोन तारखा पाहिल्यावर बँकेतल्या साहेबांसारखेच चष्मा वर करून बसले.

म्हणजे भिशीत आजीचं नाव, पिग्मीला आण्णांचं, कार्डाला पालकांचं, स्टिकरवर तुझं. टाके मी घालते, पाठ माझी दुखते, आणि नाव लिहायची वेळ आली की घरातलं कुणीही चालतं, मी सोडून. दादा, मला या वेळी खरंच रडू आलं. दादा चुकून लिहिलं, तसंच राहू दे, खोडलेलं वाईट दिसतं.

सोमवारी नगरपालिकेत अर्ज देणार आहे. आजीला सांगणार नाही.

आम्रपाली


६ डिसेंबर २०२५, दुपार

राजरत्न, जय भीम.

हे पत्र नीट बसून वाच.

काल दाखला मिळाला. खिडकीतल्या बाईंनी शिक्का मारून दिला आणि मी जिन्यावरच वाचला. 'जन्म दिनांक ६ डिसेंबर २००७'. आधार बरोबर होतं. चूक शाळेची होती. मी दाखला दप्तरात घातला आणि रात्रभर घरात कुणाशी बोलले नाही, तुला कल्पना आहे ते किती अवघड आहे.

आज पहाटे पांढऱ्या साड्या नेसून मी आणि आजी विहारात गेलो. मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली. परत येताना कट्ट्यावर आजी दम खायला बसली, तेव्हा मी कागद तिच्या मांडीवर ठेवला. तिला वाचता येत नाही, पण शिक्का ओळखला तिनं. पदरानं तोंड पुसलं. मग बोलली, ते तिच्याच शब्दांत लिहिते.

"आजचाच दिस हुता. निम्मी वस्ती मुंबैला चैत्यभूमीला गेल्याली, राह्यल्याली मानसं दुखवट्यात. आन् तुज्या आईला कळा. गाडी मिळंना. कसंबसं दवाखान्यात न्हेलं आन् तू झालीस. मी हासू का रडू? बाप गेल्याच्या दिशी कुनी पेढं वाटतं व्हय? म्हनलं, माज्या नातीनं जलमभर वाढदिस करायचा न्हाई का काय? शाळंत मास्तरांनी तारीख इचारली, तवा मी सांगितलं, चौदा एप्रिल लिवा. तिच्या भावाची हाय तीच. वर्सातला लय चांगला दिस हाय त्यो. मी तुला चांगलाच दिला, बाळा."

आण्णांना माहीत होतं, आईलाही. आधार त्यांनी दवाखान्याच्या कागदावरून काढलं होतं, आणि आजीसमोर बोलायची त्यांची छाती नाही, म्हणून अठरा वर्षं 'हं हं'.

मला राग यायला पाहिजे होता. नाही आला. मला त्या म्हातारीच्या पाया पडावंसं वाटलं आणि पडले. सगळ्या जगानं पोरींना उरलंसुरलं द्यायचं, आणि हिनं मला हुडकून हुडकून सगळ्यात चांगला दिवस दिला. फक्त तो आधीच तुझा होता, एवढंच.

उठता उठता माझ्या डोक्यात उजेड पडला. मी म्हटलं, "आजे, आज सहा डिसेंबर. म्हंजे आज मला अठरा पुरी झाली. आता मला कुनाचीच सही लागत न्हाई."  घरी आल्यावर आजीनं डब्यातनं गुळाचा खडा काढला, माझ्या तोंडात घातला आणि म्हणाली, "पेढा न्हाई. गूळ चालतो आज."

अठरा वर्षांत माझ्या एकटीचा हा पहिला वाढदिवस. वस्तीत अजून शांत आहे, म्हणून मीही हळूच लिहितेय, पण आतून मी नाचतेय.

आम्रपाली


९ डिसेंबर २०२५

राजरत्न, जय भीम.

काल खातं निघालं.

सकाळी निघाले तर आण्णा कामाचे कपडे सोडून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. गाडी सुरू केलेली. मी म्हटलं, आता पालक लागत नाही. म्हणाले, "म्हाईत हाय. बस मागं."

त्याच साहेबांपुढं आधार आणि जन्माचा दाखला शेजारीशेजारी ठेवले. त्यांनी पाहिलं, परत पाहिलं, आणि म्हणाले, "परवाच अठरा झाली की तुम्हाला. अभिनंदन." मग सवयीनं आण्णांकडं फॉर्म सरकवला, "पालकांनी इथं सही करा."

आण्णांनी हात मागं घेतला. "आवं साहेब, मी नुस्ता संगं आलोय. खातं तिचं हाय, सही ती करंल."

ज्या माणसाला घरात दोन वाक्यं सलग बोलता येत नाहीत, तो बँकेत बोलला. मी खाली मान घालून सही केली, कारण डोळे भरले होते आणि कागदावर थेंब पडला असता तर परत नवा फॉर्म. तीन ठिकाणी सही, तिन्ही एकसारख्या. आठवडाभर कापडावर खडूनं सराव केला होता.

वारसाच्या रकान्यात कुणाचं नाव, असं विचारलं. मी सांगितलं, जाईबाई. साहेब म्हणाले, एवढ्या वयाच्या माणसाचं नाव सहसा कुणी देत नाही. मी म्हटलं, तिनं मला तारीख दिली, मी तिला रकाना देते. त्यांना काही कळलं नाही, पण लिहून घेतलं. पहिला भरणाही आजीचाच. कनवटीची घडी घातलेली पाचशेची नोट तिनं सकाळी माझ्या मुठीत कोंबली होती.

छापायच्या यंत्रातनं पासबुक कर्रकर्र करत बाहेर आलं. 'आम्रपाली धोंडिराम भिंगारदेवे'. त्याच्या वर कुणाचं नाव नाही, खाली कुणाचं नाव नाही. तिथून सरळ शाळेत गेले आणि सात दिवस हातात असताना संयोगिता मॅडमना नंबर लिहून दिला. कॉलेजातली तारीख दुरुस्त करायची म्हणजे आणखी एक डोंगर आहे, पण तो बोर्डाच्या परीक्षेआधी चढेन.

आम्रपाली, खातेदार


४ जानेवारी २०२६

राजरत्न, जय भीम.

तुझं पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, उंदराला शाई लावून सोडल्यागत.

तू लिहिलंस, की सेंटरवर तुमची पगाराची खाती निघाली तेव्हा ट्रेनिंग देणाऱ्या उस्तादांनी एकेकाला विचारलं, पहिला पगार कुणाला पाठवणार? पोरं आईची नावं सांगत होती. तू म्हणालास, बहिणीला. त्यांनी खातं नंबर विचारला आणि तुला सांगता आला नाही, कारण बहिणीला खातंच नव्हतं. तेव्हा तुला ते सत्काराच्या दिवसाचं आठवलं आणि जेवण गेलं नाही. वाचून बरं वाटलं. जेवण गेलं नाही म्हणून नाही, आठवलं म्हणून.

आता मला खातं आहे. नंबर मागच्या पानावर आहे, पाठव. नको म्हणणार नाही, माझेच आहेत.

आणि ते 'माफ कर'. तू ते समासात लिहिलंस, बारीक अक्षरात, आडवं. दादा, बोलला होतास सगळ्यांपुढं. समासातली माफी मला नको.

अकरा साड्या झाल्या आहेत, तेरा राहिल्यात. पाठ मोडलीय, पण मजा येतेय.

आम्रपाली


२७ जानेवारी २०२६

दादा,

सप्रेम जय भीम.

वाचलंस ना वर काय लिहिलंय? परत वाच, मग पुढं ये.

अकरा तारखेला तुझा फोन आला तेव्हा घरात नेमकी भिशीची बैठक होती. तू आईला म्हणालास, स्पीकरवर ठेव. लीलाबाई, त्यांच्या सगळ्या बाया, आजी, आण्णा, आणि मी मशीनवर. तू खाकरलास आणि परेडच्या आवाजात म्हणालास, "त्या दिशी मी चुकलो. खातं माझं हुतं, पैसं आम्रपालीचं हुतं. तिच्या पैशावर मी हितं आलोय. समद्यांनी ऐकलं का?"

मी मशीन थांबवली होती. तुला ऐकू आलं असेल, की त्या दिवशी मशीनचा आवाज आला नाही.  सगळ्यांच्या आधी आजी बोलली, "ऐकलं रं बाबा, म्हातारीला बी ऐकू आलं." मग तुझी दहा मिनिटं संपली. ती सगळी माझ्यावर खर्च झाली, आई अजून कुरकुरतेय. त्याच बैठकीत लीलाबाईंनी चिठ्ठ्यांच्या डब्यात माझं नाव टाकलं. लग्न न झालेल्या पोरीचं पहिलं नाव. सृष्टीचं दुसरं.

काल सव्वीस जानेवारी. चोवीस पोरी हिरव्या नऊवाऱ्या नेसून पटांगणात उतरल्या. लेझीम सुरू झाली तसं माझं सगळं लक्ष काष्ट्यांवर. पोरी खाली बसल्या, उठल्या, गिरक्या घेतल्या. एक टाका उसवला नाही. मॅडमनी माइकवरून माझं नाव घेतलं, पूर्ण नाव, आण्णांच्या नावासकट, आणि आण्णा उन्हाचं निमित्त करून डोळे पुसत होते. टाळ्या तुझ्या सत्कारापेक्षा जास्त होत्या. मी मोजल्या नाहीत, पण जास्तच होत्या.

शाळेचे पैसे आले आहेत आणि तुझेही. तुझा स्टिकर सुरीनं खरवडून काढला. त्याच जागेवर माझा लावलाय. थोडा वाकडा बसलाय, पण पैसे सरळ येतात.

चौदा एप्रिलचा केक यंदा तू एकट्यानं काप. मी मिरवणुकीत असेन. माझा दिवस सहा डिसेंबर, सकाळी विहारात मेणबत्ती आणि घरी आल्यावर गुळाचा खडा. आजीशी ठरलंय तसं.

आता शेवटचं. तुझ्या कसम परेडला, तू शपथ घेशील त्या दिवशी, आम्ही सगळे येतोय. आई, आण्णा, आजी आणि मी. आजी आयुष्यात पहिल्यांदा आरक्षणाच्या डब्यात बसणार म्हणून आत्तापासून पिशवी भरतेय. तिकिटं कालच काढली, चौघांची, जायची आणि यायची. परेड झाल्यावर तुझे मित्र भोवती जमतील, कुणीतरी विचारेल, एवढ्या लांबून सगळे कसे आले, तिकिटं कुणाच्या खात्यातून काढली.

मी गप्प बसेन. सांगायचं काम तुझं.

तुझी,
आम्रपाली